तीन वेळा जागा झालेला बोर्ड

१

खॉ बून सियांग दुपारी चार वाजता आपल्या आरामखुर्चीत मरून पडलेले सापडले. वय चौऱ्याऐंशी. नाकातली ऑक्सिजनची नळी जागच्या जागी होती. पायाशी मशीन होतं, मशीनची पिन भिंतीत होती. फक्त मशीन बंद होतं.

आमचं अख्खं जॉर्जटाउन शहर त्यांना आ कोंग म्हणायचं, म्हणजे आजोबा. मी सतरा वर्षांची असताना त्यांच्या रेडिओच्या दुकानात झाळकाम शिकले. पुढे तीस वर्षं बायान लेपासच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात सर्किट बोर्ड तपासले, आणि आता एका ओस पडलेल्या मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर दुरुस्तीचं दुकान चालवते. लोक मला ओई आंटी म्हणतात. मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

सहाव्या दिवशी रोहाया दुकानात आली. कारखान्यात अकरा वर्षं ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची. तिने टेबलावर एक कागद ठेवला. जाड कागद, वर सोनेरी अक्षरांत ‘केसुमारा लिव्हिंग’. ही कंपनी आ कोंगच्या जावयाची, डेसमंड यापची. श्रीमंतांची घरं बोललेलं ऐकतील अशी करून देणं हा तिचा धंदा.

मी वाचलं. ‘दुपारी दोन वीसला दोन मिनिटं वीज गेली. वीज परत आल्यावर ऑक्सिजनच्या मशीनचा बोर्ड बंदच राहिला, कारण बसवणाऱ्या बाईंनी तो तसा भरला होता.’ पुढे कंसात रोहायाचं नाव होतं, तेसुद्धा चुकीचं लिहिलेलं. माणसाला फासावर द्यायला निघालात, निदान नाव तरी धड लिहा.

बोर्ड म्हणजे साबणाच्या वडीएवढ्या पांढऱ्या डबीतलं टिचभर डोकं. सॉकेट आणि मशीन यांच्या मध्ये बसतं, वायफायवरून हुकूम ऐकतं, वीज सोडतं किंवा तोडतं. कारखान्यातून येतं तेव्हा ते माठ असतं. तुझं नाव काय, कोणती पिन कशासाठी, वीज जाऊन आली तर चालू व्हायचं की बंद राहायचं, हे सगळं कुणीतरी बसून त्यात भरावं लागतं. केसुमारासाठी ते रोहाया भरायची. डेसमंड भाषणं द्यायचा.

“मी ‘चालू हो’ असंच भरलं होतं, आंटी,” रोहाया म्हणाली. “मुळात श्वासाचं मशीन बोर्डावर लावूच नका म्हणून मी भांडले होते. ऐकलं नाही कुणी, म्हणून निदान नीट भरलं.”

“मग आत्ता त्या बोर्डात काय आहे?”

तिने ओठ चावला. “पोलिसांनी फोटो दाखवला. ‘बंद राहा’ आहे. परवा वकील घेऊन यायला सांगितलंय.”

“बोर्डातलं आपोआप बदलत नाही.”

“तेच तर. मीच वेडी झाले की काय असं वाटायला लागलंय. आठवतंय ते खरं की चुकीचं, तेच कळेना.”

अकरा वर्षांत रोहायाच्या हातून एकही सदोष बोर्ड पुढे गेला नव्हता. मी तिच्याकडून घरातल्या बोर्डांचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून घेतला.

“उद्या सातवा दिवस,” मी म्हटलं. “मला उदबत्ती लावायला जायचंच आहे.”

२

तांजुंग बुंगाच्या टेकडीवरचं ते घर पाहिलं की मला कायम दाताच्या दवाखान्याची आठवण येते. दारात उभी राहिले तर छतातून एक बाई बोलली, “सुस्वागतम, पाहुणे.” घरात सुतक, आणि छतातली बाई खुशीत.

अंगणात मेलेल्यासाठी जाळायचं कागदी घर उभं केलं होतं. तीन मजली. कागदी मोटार, कागदी नोकर आणि दारावर सोनेरी अक्षरांत केसुमारा लिव्हिंग. सासऱ्याला परलोकात धाडतानाही या माणसाने जाहिरात चिकटवली होती.

“आंटी! किती दिवसांनी!” डेसमंड पुढे आला. चाळिशीचा, पांढरा शर्ट, दात घराला शोभतील असे. “आ कोंग तुमची फार आठवण काढायचे.”

“काढत असतील. भेटायला आले की तुमचं फाटक मला ओळखायचं नाही.”

तो हसला. अपमान झालेला न कळणं ही त्याला मिळालेली देणगी. “त्या बाईचं फार वाईट वाटतं हो. पण काय करणार? अर्धवट शिकलेली माणसं. मी स्वतः त्या डब्यांना हात लावत नाही. माझं काम कल्पनेचं.”

“तुम्हाला त्यातलं काही कळत नाही म्हणा ना.”

“काहीच नाही!” तो अभिमानाने म्हणाला.

आ कोंगच्या फोटोपुढे उदबत्ती लावून मी त्यांच्या मुलीजवळ बसले. फैक सीला मी तिच्या लहानपणी दुकानात कडेवर घेतलं होतं. आता ती पंचेचाळीसची होती आणि सात दिवसांत पन्नाशीची दिसायला लागली होती.

“वीज गेली तेव्हा तू घरात होतीस?”

“वरच्या मजल्यावर, ऑफिसच्या खोलीत. कानाला हेडफोन, मेलबर्नला दादाशी बोलत होते. एकदम दिवे गेले, एसी थांबला. दोन मिनिटांनी सगळं परत आलं.” तिने हातातला जाळायचा कागद चुरगाळला. “मी उठलेसुद्धा नाही, आंटी. बाबांना जाऊन बघावं असं मनातसुद्धा आलं नाही.”

ती खोटं बोलत नव्हती. रडणाऱ्या माणसांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही, पण ही रडत नव्हती. म्हणजे दिवे खरोखरच गेले होते. ती खरं सांगत होती आणि रोहायाही खरं सांगत होती, तर मग चूक कुठे होती?

“आणि डेसमंड?”

“खाली दिवाणखान्यात. त्याची सहा गिऱ्हाइकं आली होती, घर बघायला.”

कंपनीच्या कागदात या सहा जणांचा उल्लेख नव्हता.

३

सुमियाती स्वयंपाकघरात शेवया परतत होती. जावा बेटावरून आलेली, तिशीची. चार वर्षं आ कोंगला न्हाऊ घालणं, जेवू घालणं, रात्री उठून नळी सरळ करणं हे सगळं तिनेच केलं. घरातला प्रत्येक दिवा फोनवरून लावता यायचा, अशी डेसमंडची फुशारकी होती. ते अ‍ॅप डेसमंड, फैक सी आणि तिचा मेलबर्नचा दादा यांच्या फोनवर होतं. सुमियातीच्या फोनवर नव्हतं.

“तू त्यांना एकटं कसं सोडलंस?” मी विचारलं.

तिचा झारा थांबला. “सरांनी बोलावलं, आंटी. पाहुण्यांना कॉफी द्यायला, केक कापायला. दोन ते चार खालीच थांब म्हणाले. आ कोंगचं दारसुद्धा लावून घे म्हणाले. मशीनची घरघर पाहुण्यांना ऐकू जाते म्हणून.”

“मग वीज गेली.”

“वीज?” ती गोंधळली. “सर म्हणतात वीज गेली. मला काय कळतं? सर मधे उभे राहिले आणि म्हणाले, ‘गुड नाइट, केसुमारा.’ लगेच पडदे बंद झाले, दिवे बंद झाले. मला वाटलं खेळ आहे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग वरून कुठूनतरी बारीक आवाज आला, टी टी टी असा. एक बाई म्हणाल्या, हे काय? सर हसून म्हणाले, ‘घरसुद्धा आपल्याला गुड नाइट म्हणतंय.’ सगळे हसले.”

मी शेगडी बंद केली. नाहीतर शेवया करपल्या असत्या.

“आणि मग?”

“मग सर म्हणाले, ‘गुड मॉर्निंग.’ सगळं परत लागलं.”

“सगळं?”

तिला अजून उमगलं नव्हतं, आणि त्या क्षणी ते तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही. त्याऐवजी विचारलं, “रोहाया प्रत्येक घरी जादा बोर्ड देऊन ठेवते. इथेही दिले होते ना?”

तिने फडताळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. “दोन आहेत. मीच ठेवले होते. रोहाया बाईंनी इथेच उभं राहून सरांना बजावलं होतं, हे दिव्यांचे आहेत, आ कोंगच्या मशीनला लावू नका, वीज जाऊन आली तर हे बंदच राहतात.”

तिने झाकण उघडलं. आत एकच होता.

४

मी लॅपटॉप उघडून स्वयंपाकघरातच बसले. समोर ताटात शेवया ठेवल्या, म्हणजे कुणी आलं तर म्हातारी खातेय असं वाटावं. म्हातारी खात असली की तिच्याकडे कुणी बघत नाही.

प्रत्येक बोर्डाच्या पोटात दोन आकडे असतात, जे कुणी मुद्दाम भरत नाही. एक, आजवर किती वेळा जागा झाला. वीज जाऊन आली की बोर्ड पुन्हा जागा होतो आणि एक रेघ वाढते. नुसत्या हुकुमाने दिवा बंद केला, तर बोर्ड स्वतः जागाच राहतो. दुसरा, या खेपेला किती वेळ सलग जागा आहे.

घरात सेहेचाळीस बोर्ड. चौदा महिन्यांपूर्वी एकाच दिवशी बसवलेले. रोहायाच्या पासवर्डने मी एकेक उघडत गेले. जिना: एकेचाळीस वेळा जागा, सलग एकतीस दिवस. स्वयंपाकघर: एकेचाळीस, एकतीस दिवस. फाटक: बेचाळीस, एकतीस दिवस.

एकतीस दिवस. आ कोंग जाऊन सहा दिवसही पुरते झाले नव्हते. त्या दुपारी घराची वीज गेली असती, तर यातला एकही बोर्ड एकतीस दिवस जागा राहिला नसता.

मग मी आ कोंगच्या खोलीतला बोर्ड उघडला.

तीन वेळा जागा. सलग पाच दिवस अठरा तास.

मी घड्याळात बघितलं, बोटांवर उलटं मोजलं. हा बोर्ड त्या दिवशी पाच वाजायला आठ मिनिटं असताना जागा झाला होता. तेव्हा आ कोंग जाऊन बराच वेळ झाला होता, आणि डॉक्टर खाली बसून दाखला लिहीत होते.

नाव वाचलं आणि मला हसू आलं, वाईट प्रकारचं. रोहाया बोर्डांना साधी मलय नावं देते: जिना, न्हाणीघर, मागचं दार. याचं नाव होतं ‘केसुमारा प्रीमियम ऑक्सिजन’. पुरावा लपवताना या माणसाने त्यावर आपली पाटी लावली होती.

“आंटी, शेवया आवडल्या का?” मागून डेसमंडचा आवाज आला. मी लॅपटॉप मिटला, पण थोडा उशीर झाला होता. तो पडद्याकडेच बघत होता. दात मात्र तसेच बाहेर.

“मीठ कमी आहे,” मी म्हटलं.

“ते मशीन आज संध्याकाळी मी वृद्धाश्रमाला देऊन टाकतोय. बोर्डासकट. पुण्य लागेल.”

“संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं?” मी उठले. “आत्ताच खाली आणा. सगळ्यांनी हात जोडू या त्याला.”

५

भिक्षू जेवून गेले होते. दिवाणखान्यात फैक सी, डेसमंड, सुमियाती आणि मी. सुमियातीने मशीन आणून भिंतीजवळ ठेवलं. पांढरी डबी मी वरच ठेवायला लावली होती, हलवली तर तिचे आकडे बदलले असते. तिने मशीनची पिन थेट भिंतीत खोचली, मशीन चालू केलं आणि ते घरघरायला लागलं. फैक सीने डोळे मिटले.

“फैक सी, तुमच्या कंपनीच्या पानावर त्या दुपारच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आहे ना? मोठ्या टीव्हीवर लाव.”

“आत्ता? कशाला?” डेसमंड म्हणाला. “बरं दिसत नाही ते.”

“बरं दिसत नाही, तर पानावरून काढून का नाही टाकलास?” फैक सीने विचारलं. तिच्या आवाजात अजून संशय नव्हता, नुसता थकवा होता.

उत्तर मला माहीत होतं. चार हजार लोकांना तो व्हिडिओ आवडला होता.

टीव्हीवर डेसमंड हात पसरून उभा राहिला. कोपऱ्यात वेळ होती: दोन वीस. “सेहेचाळीस उपकरणं, एक शब्द,” तो म्हणाला. “गुड नाइट, केसुमारा.” पडदे सरकले, अंधार झाला, टाळ्या पडल्या. आणि टाळ्या विरताना वरून बारीक आवाज आला. टी, टी, टी.

“आता इकडे ऐक,” असं म्हणत मी वाकले आणि मशीनची पिन ओढली.

टी, टी, टी, मशीन ओरडायला लागलं.

सुमियातीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. टीव्हीतला डेसमंड म्हणत होता, “घरसुद्धा आपल्याला गुड नाइट म्हणतंय.”

“वीज तुटली की हे मशीन दोन मिनिटं ओरडतं, आतल्या सेलवर. मग सेल दमतो. फैक सी, तुझ्या खोलीतले दिवे गेले ते याने घालवले. वीज कुठेच गेली नव्हती. घरातले पंचेचाळीस बोर्ड एकतीस दिवस डोळा न मिटता जागे आहेत.”

“आंटी, तुम्हाला हे तांत्रिक कळत नाही,” डेसमंड म्हणाला.

“आणि तुम्हाला कळत नाही असं तुम्हीच सांगितलंत. फैक सी, तुझा फोन काढ. अ‍ॅपमध्ये ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की जे जे चालू होतं, त्याची यादी उघड. किती नावं आहेत?”

तिने मोजली. “पंचेचाळीस.”

“रोहायाने दोन्ही याद्या पंचेचाळीसच्याच केल्या होत्या. श्वास त्यात घातला नव्हता. आता ‘गुड नाइट’ची.”

ती बराच वेळ अंगठा सरकवत राहिली. “सेहेचाळीस. शेवटचं नाव राखाडी आहे. सापडत नाही असं लिहिलंय.”

“जो बोर्ड आता या घरात नाही, त्याचं ते नाव. वाच.”

“आ कोंगचा श्वास,” तिने वाचलं.

मशीन ओरडायचं थांबलं.

“रोहायाने दिलेलं नाव आहे. गिऱ्हाइकांपुढे सेहेचाळीसपैकी पंचेचाळीसच म्हणायला यांना लाज वाटली असावी. ‘सगळे निवडा’वर बोट टेकवलं आणि बंद करायच्या यादीत तेही गेलं. चालू करायच्या यादीत मात्र घालायचं राहिलं. चार वाजता सुमियाती ओरडली तेव्हा यांच्या लक्षात आलं. जुन्या बोर्डात ‘चालू हो’ भरलेलं होतं, वीज गेल्याची गोष्ट त्याच्याबरोबर टिकली नसती. तेव्हा यांना रोहायाची ताकीद आठवली: डब्यातले बोर्ड बंदच राहतात. पाचला आठ कमी असताना हे वर गेले, जुना काढला, नवा खोचला. त्याला हात लागतात, अक्कल लागत नाही. रोहाया प्रत्येक बोर्ड देण्याआधी दोनदा लावून बघते. तिसऱ्यांदा तो भिंतीत जागा झाला.”

डेसमंडने बायकोकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी माणूस गुडघ्यांवर येईल.

“सी, सहापैकी चार जण सही करणार होते,” तो म्हणाला. “आपल्या दोघांसाठीच ना? आणि बाबा तसेही... डॉक्टर म्हणालेच होते, फार तर वर्षभर.”

फैक सीने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. “जुना बोर्ड कुठे आहे?”

“समुद्रात टाकला.”

“किती वेळ लागला असेल, आंटी? त्यांना?”

सुमियातीने तिच्याजवळ बसून तिचा हात धरला. मग फैक सीने त्याच हाताने फोन सुलटा केला आणि पोलिसांचा नंबर लावला.

६

पोलीस यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात रोहायाही आली. मीच बोलावलं होतं. डेसमंड सोफ्यावर पाय जुळवून बसला होता. तिला बघताच उठला. मला क्षणभर वाटलं, माफी मागतोय.

“यादीला कुलूप का नाही घातलंस?” तो म्हणाला. “मला बदलताच येणार नाही असं करता आलं असतं ना? हे तुझं काम होतं.”

“थोबाड बंद कर,” मी म्हटलं.

परत येताना ती गाडी चालवत होती. तिच्यावरचा आळ गेला होता, वकिलाची गरज उरली नव्हती. मी उड्या मारायला हव्या होत्या. ती सिग्नलला थांबली आणि हिरवा झाला तरी थांबूनच राहिली.

“घालता येतं, आंटी,” ती म्हणाली. “कुलूप. चार ओळींचं काम आहे. माझ्या डोक्यात आलं होतं, आणि मी म्हटलं, असं कोण करेल?”

“मूर्ख करेल.”

“हो. आणि घर तर मूर्खांचंही असतं.”

मागून हॉर्न वाजायला लागले. मी म्हटलं, “किती घरं आहेत अशी?”

“म्हातारं माणूस आणि मशीन? नऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. तिची हत्यारांची पिशवी मी घेतली, लॅपटॉप तिने. पहिलं घर आयर इताम भागात होतं. दार उघडणाऱ्या बाईच्या मागे कुठेतरी मशीन घरघरत होतं.

“बिघडलंय का काही?” बाईने घाबरून विचारलं.

“अजून नाही,” रोहाया म्हणाली आणि चपला काढून आत गेली.